आंबेनळीच्या घाटातली कुसर

पोलादपूर सोडून एस.टी. आंबेनळी घाट चढू लागली, की चैत्राच्या उन्हाने जीव नकोसा होतो. पण मध्येच एखाद्या वळणावर गोड वासाची झुळूक येते. बाहेर पाहावे, तर करवंदीच्या जाळीवर आणि झाडांच्या शेंड्यांपर्यंत पांढऱ्या चांदण्या पसरलेल्या. हीच कुसर. मोगऱ्याची ही रानातली बहीण, म्हणून तिला रानमोगराही म्हणतात. पाने रुंद, समोरासमोर. पाकळ्या अरुंद आणि लांबट. सह्याद्री हे तिचे माहेर. मार्च ते मे तिचा बहर.

प्रतापगडाच्या पायथ्याच्या वाडीत माझी आत्या राहते. एका वर्षी तिच्याकडून परतताना मी वाटेवरचा कुसरीचा वेल उपटला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणला. आठ दिवसांत त्याची काडी झाली. पुढच्या खेपेस आत्याला सांगितले, तर ती म्हणाली, "मुळं तोडून आणलीस, जगेल कशानं? आणि सगळ्यांनी असंच उपटलं, तर रानात राहील काय?"

मग तिने आपल्या बांधावरचा वेल दाखवला. मृग लागल्यावर त्याची जमिनीलगतची फांदी आम्ही वाकवली. एका पेऱ्याखाली साल थोडी खरवडली, तेवढा भाग मातीत दाबला आणि वर दगड ठेवला. शेंडा मात्र उघडा. दिवाळीला गेलो तेव्हा मुळे धरली होती. फांदी मूळ वेलापासून कापून मातीच्या गोळ्यासकट आणली.

पाणी साचणार नाही अशा जागी खड्डा घेऊन त्यात शेणखत व माती भरली आणि फांदी लावली. पहिले दोन उन्हाळे न्हाणीचे पाणी दिले. वेल वर धावतो, म्हणून बांबूचा भक्कम मांडव घातला. बहर ओसरला की पावसाआधी वाळक्या व दाट फांद्या छाटतो.

तिसऱ्या चैत्रात अंगणात पहिली फुले आली. त्या संध्याकाळी सारे घर ओट्यावर बसून होते. आत्याला फुले पाठवली, तर तिचा निरोप आला, "आता तुझ्या वेलाची एक फांदी शेजाऱ्यांना दाबून दे."

बायांनो, बाप्यांनो, राखीव रानातले झाड उपटणे कायद्यानेही गुन्हा आहे. कोणाच्या बांधावर कुसर असेल, तर पावसाच्या तोंडी एक फांदी मागून घ्या. रानातली रानातच फुलू द्या.