गाण्याखाली सही नसते

तळोद्याहून निघून कोठार मागे पडलं, की चांदसैलीचा घाट लागतो. वळणावळणाला जीपमधले सगळे एकमेकांच्या अंगावर रेलतात. सातपुड्याची ती रांग ओलांडली की धडगाव, अक्राणी तालुक्याचं ठाणं. 1998 साली नंदुरबार जिल्हा होईपर्यंत इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी धुळं गाठावं लागे.

मी पोचलो तेव्हा होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला होता. डाळ्या, गूळ, हार-कंगण यांच्या ढिगांमधून ढोल वाट काढत चालले होते. हातात हात गुंफलेल्या पोरींच्या रांगेतली एक ओळ टाकायची, बाकीच्या झेलायच्या. पावरी बोली मला कळेना. शेजारचे गुरुजी अर्थ सांगत होते. समोर गॉगल लावलेला एक तरुण उभा होता. बापाची शेळी विकून डोळ्यांवर काच चढवलीस, आता तरी वाट दिसते का, असं त्याला गाण्यातून विचारलं गेलं. मग माझी पाळी आली: वहीवाल्या, तुझ्या वहीला कणसं कधी लागणार?

‘‘हे रचलं कुणी?’’ मी विचारलं.

‘‘आत्ताच झालं की, सर. तुम्ही वही काढली म्हणून!’’ गुरुजी हसले.

आयर्लंडच्या खेड्यांतही असे गावकवी असत. त्यांच्या टोमणेबाज यमकांना भलेभले वचकून असायचे. 1937 ते 1939 या काळात तिथल्या शाळकरी मुलांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गावोगावच्या आठवणी नि गाणी वह्यांत उतरवून घेतली. धडगावात मात्र गाणं ओठांवरच जगतं. लग्नात ते व्याह्यांवर घसरतं, मोर्चात साहेबांवर. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी-अक्कलकुव्याची 33 गावं सापडली, तेव्हा ढोल घाटावरून नर्मदाकाठच्या आंदोलनातही गेले.

या मातीतला कवी छापील पुस्तकात आला तो वाहरू सोनवणे यांच्या रूपानं. 1972 साली शहाद्यात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या लढ्यात ते घडले. 1987 साली ‘गोधड’ हा संग्रह आला. 1990 साली पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या ‘स्टेज’ कवितेत मंचावरचे लोक खाली बसलेल्यांना त्यांचंच दुःख समजावून सांगतात. बाजारातल्या ओळींची धार तीच, फक्त नेम मोठ्या माणसांवर.

त्या पोरींपैकी कुणाचंच नाव कुठे छापलं जाणार नाही. गुरुजी मात्र म्हणाले, ‘‘त्या पोराला आता पुढच्या होळीपर्यंत सगळे गॉगल्याच म्हणणार.’’