तळ्याकाठची उधारी

लग्न झाल्या झाल्या नवरीने सांगून टाकावं की मी शेतावर यायची नाही, गावात राहून व्यापार करणार? फ्लोरा न्वापाच्या ‘एफुरू’ (1966) कादंबरीत मी तिथेच अडकले. नवऱ्याचं परागंदा होणं वगैरे पुढे आहेच. पण तो शेतावर, ही बाजारात, आणि गावाला त्यात फारसं नवल नाही, हे काही डोक्यातून जाईना.

न्वापाचं गाव ओगुटा. आग्नेय नायजेरियात, इग्बो मुलखात, मोठ्या तळ्याच्या काठी. उराशी नदी तिथे तळ्याला भेटते. नदी गढूळ, तळं निळसर, आणि दोन्ही पाणी बरंच अंतर शेजारी शेजारी जातात, मिसळत नाहीत. गाव म्हणतं, नवरा-बायको आहेत, पण पटत नाही. तळ्याची देवी ओग्बुइदे. कादंबरीत ती उहामिरी होते. इग्बो आठवडा चारच दिवसांचा: एके, ओरी, आफो, न्क्वो. बाजारही याच वारांनी भरतात. ओरी देवीचा. त्या दिवशी तिच्या भक्तिणींनी पांढरं नेसायचं, तळ्यात मासे धरायचे नाहीत. मासळीलाही सुट्टी देणारी ही देवी मला फार आवडली.

ब्रिटिशांची रॉयल नायजर कंपनी या तळ्याकाठी आली ती तेलासाठी. तेलताडाचे घोस पुरुषांनी उतरवायचे. मग फळं उकडायची, कुटायची, पाण्यात घोळून वर तरंगणारं शेंदरी तेल निथळून घ्यायचं. हे तेल पुरुषाच्या मालकीचं. आतली टणक बी मात्र बाईची. एका दगडावर धरायची, दुसऱ्याने ठेचायची. गर बाहेर पडला की पुढची बी. बोट वाचवत दिवसभर हेच. किरकोळ म्हणून हा वाटा बायकांकडे सोडला असावा, अशी मला दाट शंका आहे. पण विल्यम लिव्हरच्या सनलाइट साबणाला असल्याच गराचं तेल लागायचं, आणि 1888 साली त्या साबणाची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली. आमची आजी सनलाइटची वडी दोऱ्याने कापायची, अर्धी कपाटात कुलूपबंद. तिच्या हिशेबात इंग्लंड होतं, तळं नव्हतं. 1920 मध्ये लिव्हरच्या कंपनीने ती नायजर कंपनीच विकत घेतली. 1929 मध्ये तिकडे तेलाचे भाव पडलेले, त्यात बायकांवरही कर बसणार अशी आवई उठली. हजारो बायका सरकारी कोर्टांवर, कंपन्यांच्या दुकानांवर चालून गेल्या. गोळीबारात सुमारे 50 जणी मेल्या. काटकसर आजीलाही येत होती, चालून जाणं नाही.

बियाफ्राच्या युद्धात, सप्टेंबर 1968 मध्ये, नदीमार्गे नायजेरियाची सरकारी फौज ओगुटात शिरली आणि लवकरच मागे हटवली गेली. श्रेय अर्थात देवीला.

ही देवी पैसा देते, रूप देते, मूल देत नाही. एफुरूलाही तिने नेमकं तेच दिलं. अभ्यासक तिच्या मूल नसण्यावर रेंगाळतात. मला एफुरूच्या सासूची बहीण अजानूपू जवळची वाटते. फटकळ तोंडाची, उधारी वसूल करायला लोकांच्या दारात जाऊन उभी राहणारी. खुद्द न्वापानेही 1970 च्या दशकात स्वतःची ताना प्रेस काढली आणि आपली पुस्तकं आपणच छापली, विकली. कुणी ‘एफुरू’ मराठीत आणणार असेल तर एवढीच विनंती: बाजाराची आणि उसनवारीची पानं कंटाळवाणी म्हणून कापू नका.