शकुनातला पक्षी

‘शकुन’ या शब्दाचा संस्कृतातला पहिला अर्थ ‘पक्षी’ असा आहे, हे सांगितले म्हणजे वर्गातली मुले थोडी गोंधळतात. त्यांच्या लेखी शकुन म्हणजे मांजर आडवे जाणे, नाही तर परीक्षेला निघताना हातावर दही पडणे. पण शकुंतलेला तिचे नाव मिळाले तेच मुळी रानात टाकून दिलेल्या त्या तान्ह्या जिवाला शकुंतांनी, म्हणजे पाखरांनी, सांभाळले म्हणून! पाखराच्या उडण्या-ओरडण्यावरून पुढचे ओळखायचे, म्हणून पाखराचे नाव भविष्याच्या खुणेला पडले. पुढे केव्हा तरी शब्दातला पक्षी उडून गेला आणि शकुन तेवढा आपल्या हाती राहिला.

तो आपण घराघरांतून अजून जपून ठेवला आहे. दसऱ्याला चाष, म्हणजे नीळकंठ, दिसला की वर्ष बरे जाणार. सकाळी भारद्वाज दिसला की अडलेले काम होणार. रात्री टिटवी ओरडत गेली की घरातले वडीलधारे माणूस ‘राम राम’ म्हणणार. आणि पितृपक्षात तर कावळ्याला जो मान मिळतो तो जावयालाही मिळत नसेल. गच्चीवर पान वाढून सारे घर हात जोडून उभे असते आणि कावळेबुवा समोरच्या तारेवर बसून मान वाकडी करतात! यात गंमत अशी, की प्रत्येक पाखराला आपण एकच प्रश्न विचारतो – ‘माझे कसे होईल?’ ‘तुझे कसे चालले आहे?’ असे मात्र कुणी विचारीत नाही.

एरवी हे सारे शकुन म्हणजे निव्वळ भाबडेपणा, असे मी म्हणणार नाही. आमचा सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. इथे आभाळाकडे डोळे लावून बसणे ही काही कविकल्पना नव्हे. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे सांगणारा पावशा पावसाच्या तोंडावर ओरडू लागतो, हे शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या कान देऊन ओळखलेले आहे. चातक केवळ पावसाचे थेंब पितो, ही झाली कवींची गोष्ट. पण तो मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो, ही पक्षिशास्त्राची गोष्ट तिच्याहून कमी नवलाची आहे काय?

चक्रवाकाचेही तसेच. काव्यातली ही जोडी रात्र झाली की ताटातूट होऊन एकमेकांसाठी रडते. विद्यार्थी परीक्षेत ते इमानाने लिहितात आणि चक्रवाक हा गरुडाच्या अमृतकलशासारखाच पुराणातला, असे समजून चालतात. वस्तुतः तो दरवर्षी थंडीत लडाख, तिबेट, मध्य आशिया या बाजूंनी येऊन आमच्या उजनीच्या फुगवट्यावर उतरतो. भगव्या-तांबूस अंगाचा, ब्राह्मणी बदक म्हणतात तोच हा. तो रात्रीही चरतो आणि त्याची साद शांत पाण्यावरून दूरवर जाते. कवींना विरह तिथेच सापडला असावा. तिबेट-मंगोलियाकडे या पक्ष्याचा रंग भिक्षूंच्या वस्त्रासारखा म्हणून बौद्ध लोक त्याला पवित्र मानतात, मारीत नाहीत. एखादी रूढी पाखराच्या पाठीशी कशी उभी राहू शकते, पाहा!

आमच्या मुलखात दोन्ही तऱ्हा होऊन गेल्या. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात ससाण्याकरवी पाखरे मारण्याच्या राजविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच शतकात इथे सिद्धरामेश्वरांनी माणसे जमवून तलाव खोदला. राजाने पाखरांवरून विद्या रचली. संताने पाखरांसाठी म्हणून काही केले नसेल, पण पाणी राहिले आणि पाण्यावर पाखरे राहिली.

पाखरांची खरी ओळख मात्र राजालाही नव्हती आणि पंडितालाही नव्हती. ती होती पारध्याला. फासेपारधी तित्तिराची साद हुबेहूब काढून त्याला फाशात बोलावीत. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फेरा पुढे त्यांच्यावरही आला. तो कायदा १९५२ साली गेला, पण सोलापुरातल्या एका वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव काही गेले नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, आणि थांबायला हवीच होती. पण शिकाऱ्याजवळचे ज्ञान उतरवून घ्यायला फारसे कुणी गेले नाही. गेले ते मारुती चितमपल्ली. सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची नावे वेचून मराठीत आणली. २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच त्यांनी देह ठेवला.

शेवटी माळढोकाविषयी. कमरेइतका उंच, दहा-बारा किलो वजनाचा हा पक्षी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालतो. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजसह ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. त्यात गावे आली, शेते आली, जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक पाखरावरच रुसले. पुढे ते अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. गवताळ माळ नांगराखाली गेले, वर विजेच्या तारा आल्या. आज तिथे माळढोक दिसणे हा भाग्ययोग झाला आहे. या पक्ष्याला आपल्या सणावारात कुठेच जागा नव्हती. त्याच्या दिसण्याने कुणाचे लग्न जुळत नव्हते की पितर तृप्त होत नव्हते. मग त्याची आठवण ठेवावी कुणी?

म्हणून मला वाटते, शकुन सोडू नयेत, पण त्यांत पक्षी परत आणून बसवावा. फराळाचे डबे रिकामे होईतो पाहुणी बदके येऊ लागतील. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन पहाटे हिप्परग्याच्या किंवा उजनीच्या काठाला जावे, बोलणे बंद ठेवून बसावे. दुरून आलेल्या त्या पाखरांनी आपल्याला पाहून पाणी सोडले नाही, तर आपण त्यांना शुभशकुनाचे ठरलो, असे खुशाल समजावे.