दोन पिंजरे

आमच्या कळंब्याच्या घरात दोन पिंजरे आहेत. एक स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कोठीमागे. तारेचा, गंजलेला, आत आकडा आणि आकड्याला खोबऱ्याचा तुकडा. तो आज्जीचा. दुसरा माझ्या खोलीत टेबलावर. म्हणजे खरं तर तो पिंजरा नव्हेच, फुटक्या मत्स्यालयाच्या काचेचा टँक आहे, पण घरात त्यालाही पिंजराच म्हणतात. आज्जीच्या पिंजऱ्यात सापडतो त्याला मारायचं आणि माझ्या पिंजऱ्यात राहतो त्याला दिवसाला दहा ग्रॅम मोजून जेवायला घालायचं, असा आमच्या घराचा कायदा. दोघंही कुरतडणारे, दोघांनाही ज्वारी आवडते. फरक एवढाच, की माझ्याला शेपूट नावापुरतंच आहे.

"शेपूट न्हाई म्हणून काय उंदीर न्हाई व्हय ह्यो?" हा आज्जीचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. याचं पटेल असं उत्तर अजून मला देता आलेलं नाही.

तर मंडळी, हा जो आहे तो सीरियन हॅमस्टर. तो माझा नव्हे, हॉस्टेलवरच्या माझ्या मैत्रिणीचा. फर्स्ट इयरला तिला कुणीतरी वाढदिवसाला दिला. हॉस्टेलवर प्राणी चालत नाहीत (रेक्टर मॅडम, तो तिथे एक रात्रसुद्धा राहिला नाही, निर्धास्त असा), आणि आमच्या ग्रुपमध्ये घरून येऊन-जाऊन करणारी मी एकटीच. म्हणून बुटाच्या खोक्यात बसून, केएमटीच्या बसमधून, तो कळंब्याला आला. "परीक्षेपर्यंत ठेव" असं ठरलं होतं. कोणत्या परीक्षेपर्यंत, ते ठरलं नव्हतं. त्यानं पहिल्याच रात्री दोन्ही गालांत मावेल तेवढी बाजरी कोंबून कोपऱ्यात पुरून ठेवली आणि वाटी रिकामी करून पुन्हा आमच्याकडे बघत बसला. ते बघून आज्जीनं नाव ठेवलं, सावकार.

सावकाराची कीर्ती कॉलेजात पसरल्यापासून मी या विषयातली तज्ज्ञ समजली जाते. मागच्या महिन्यात एक ज्युनिअर मोबाईल घेऊन आली. "दीदी, हे बघ, मला हे पाळायचंय." व्हिडिओत अंगठ्याएवढं तोंड, काजळ घातल्यासारखे डोळे, खारीसारखी झुपकेदार शेपटी. आफ्रिकन पिग्मी डॉर्माउस.

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे डॉर्माउस हा शब्द मला ठाऊक होता. ॲलिसच्या गोष्टीत चहाच्या टेबलावर झोपलेला असतो आणि शेवटी त्याला किटलीत कोंबायला बघतात, तो. मराठीत मात्र त्याला शब्दच नाही. बरोबरच आहे, खरे डॉर्माउस आपल्याकडे नसतातच. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात एक 'काटेरी डॉर्माउस' आहे, मिरीच्या वेलांवर ताव मारणारा, पण तो नुसता नावाचा डॉर्माउस, घराणं वेगळं. खऱ्यांचं घराणं ना उंदराचं ना खारीचं, तिसरंच. युरोपात मोठा डॉर्माउस असतो, तो रोमन लोक चक्क मातीच्या रांजणात पाळायचे. आत चढउतार करायला कडा काढलेल्या असायच्या, खायला अक्रोड आणि ओकची फळं, वर अंधार. पाळायचे ते कौतुकासाठी नव्हे, लठ्ठ करून खाण्यासाठी! आज्जीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, त्यास्नी तरी काय करायचं ते कळत हुतं."

आफ्रिकेतला छोटा डॉर्माउस सहाराच्या दक्षिणेला राहतो. धड तीन-चार इंचांचं, शेपटी जवळजवळ तेवढीच. रात्री जागा, दिवसा चेंडू करून झोपलेला. झाडांवर, कपारीत, कधी लोकांच्या छपरातही. आफ्रिकेतलं जनावर कोल्हापुरात आणायचं हे काही नवीन नाही म्हणा. आपल्या संस्थानानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले होते. पण चित्ता पळाला तर सगळ्या गावाला कळतं. डॉर्माउस पळाला तर कुणालाच कळत नाही, आणि घराचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

सावकाराला जमीन लागते, डॉर्माउसला उंची. सावकार बीळ खणणारा, म्हणून टँक आडवा, तळाशी वीतभर कागदाचा कीस. (जुन्या सबमिशनच्या फायली इथे कामी येतात. शाई नसलेली पानं निवडायची, म्हणजे बहुतेक सगळीच.) देवदार-पाइनचा सुगंधी भुसा घालायचा नाही, त्या वासानं श्वासाला त्रास होतो. डॉर्माउसला उभा टँक, आत फांद्या, दोर, उंचावर टांगलेली घरटी, कारण तो जमिनीवर असुरक्षित समजतो स्वतःला. आणि झाकण! आमचे मेट्रॉलॉजीचे सर टॉलरन्सवर जितके बोलतात तितकं या झाकणावर बोलायला हवं. बाजारात मिळणाऱ्या हॅमस्टरच्या पिंजऱ्याच्या गजांमधून तो सरळ चालत बाहेर येईल. सहा मिलिमीटरची फट पिल्लाला दरवाजासारखी. म्हणून काच, आणि वर बारीक स्टीलची जाळी, तीही घट्ट बसलेली. पळताना शेपटीला धरायचं नाही, शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते.

चाकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे माझी इंजिनिअरिंग खर्ची पडली आहे. दुकानातलं चाक लहान असतं, त्यात पळताना हॅमस्टरची पाठ धनुष्यासारखी वाकते. पाठ सरळ राहील एवढा व्यास हवा, सीरियनला वीस सेंटिमीटरच्या वर. मी केकच्या डब्याचं २१ सेंटिमीटरचं झाकण घेतलं आणि मध्ये ६०८ नंबरचं बेअरिंग बसवलं, स्केटिंगच्या चाकात असतं तेच. पहिल्या रात्री एवढी शांतता होती की तो मेला की काय म्हणून उठून पाहिलं, तर गडी सुसाट! मग झाकणाला छोटं लोहचुंबक चिकटवलं, शेजारी हॉल सेन्सर, आणि मिनी प्रोजेक्टमधून उरलेल्या आर्डुइनोवर मोजणी लावली. पहिल्या रात्रीचा आकडा सात हजारांच्या थोडा वर. एक फेरा ६६ सेंटिमीटर. म्हणजे साडेचार किलोमीटरहून जास्त. सरळ रस्त्यानं पळाला असता तर पहाटेपर्यंत जवळपास अंबाबाईच्या देवळाशी पोहोचला असता. आज्जीला हा हिशेब फार आवडला. तेव्हापासून ती सकाळी चहा घेताना विचारते, "कुठवर गेलता सावकार?"

आता जेवण. बाजरी, ज्वारी, नाचणी, थोडं सूर्यफुलाचं बी (जास्त दिलं की गडी फक्त तेच खातो आणि सुटतो), मोड आलेले मूग, काकडी, गाजराचा काप, आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. कांदा, लसूण, संत्रं, चॉकलेट नाही. थोडक्यात, तांबडा रस्सा वगळून कोल्हापूरचं काहीही. दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून चघळायला औषध न मारलेल्या पेरूची काटकी. हे सगळं आज्जीच्या कोठीतून आणि परड्यातून निघतं, खर्च जवळपास शून्य.

डॉर्माउसचं तसं नाही. त्याच्या पोटात आंधळं आतडंच नसतं. ससा, उंदीर, हॅमस्टर यांच्या पोटात चोथा आंबवून पचवणारी जी पिशवी असते ती त्याला नाही, म्हणून पालापाचोळा त्याला पचत नाही. त्याला हवं फळ, बी, मधाचं पाणी, अंडं आणि किडे. किडे म्हणजे खरे, जिवंत. रातकिडे, मीलवर्म. आमच्या मेसच्या डाळीवर तो जगेल का, असं ज्युनिअरनं विचारलं. मेसच्या डाळीत कधीमधी प्रथिनांची सोय असते हे खरं, पण नियमित पुरवठ्याची खात्री देता येत नाही. (मेस कमिटीनं हलकं घ्यावं.)

आणखी एक. सावकाराला एकटंच ठेवावं लागतं, दुसरा सीरियन आत सोडला तर रक्त निघेपर्यंत भांडतात. १९३० मध्ये जेरुसलेमचे प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं काढली, आणि आज जगभरातले बहुतेक पाळीव सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या भावंडांचे वंशज आहेत. एवढे सख्खे असून जमत नाही! डॉर्माउस उलट, त्याला सोबत लागते. म्हणजे एक आणून भागत नाही, किमान दोन. आणि दोनाचे किती होतील ते बायोलॉजीवाल्यांना विचारा.

कायद्याचंही बघून ठेवलंय. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी प्राणी घरात असतील तर त्यांची नोंद 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. पेट शॉपना २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी सक्तीची आहे. मी ज्युनिअरला म्हटलं, आधी विकणाऱ्याला बिल आणि आयातीचे कागद माग. तिनं मेसेज टाकला. तिकडून उत्तरच आलं नाही. गंमत म्हणजे १९७२ च्या मूळ कायद्यात उपद्रवी जनावरांचं एक वेगळं परिशिष्ट होतं, त्यात कावळ्याच्या पंगतीला उंदीर बसवले होते. दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. आज्जीला मी हे अजून सांगितलेलं नाही.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळीच. आमच्या घरामागे ऊस आहे, पलीकडे तलाव. सावकार निसटला तर मांजर नाहीतर भारद्वाज त्याचा निकाल लावेल. पण झाडावर चढणारी, किडे आणि फळं खाणारी, अंगानं एवढुशी जोडी त्या हिरवळीत सुटली तर काय होईल?

थंडीची गोष्ट सांगायची राहिली. गेल्या जानेवारीत मी परीक्षेच्या धांदलीत, खोली रंगवायला काढलेली, म्हणून टँक आठवडाभर मागच्या पडवीत होता. तलावावरून वारा येतो तिथे, आणि त्या आठवड्यात हवा अगदी बोचरी होती. एका सकाळी आज्जीनं हाक मारली, "सावकार गेला बघ." बघते तर आकडा शून्य, आणि तो किसात गोळा होऊन पडलेला, दगडासारखा थंड. मैत्रिणीला काय सांगायचं या विचारानंच माझ्या हातापायातलं बळ गेलं. आज्जीनं त्याला उचलून हातावर घेतलं. कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरायचं म्हणून खुरपंही घेतलं होतं तिनं. मग थबकली. म्हणाली, "ह्यो ताठला न्हाई अजून."

खरंच, अंग मऊ होतं. मिशांजवळ आरसा धरला तर कितीतरी वेळानं पुसटशी वाफ आली. थंडी पडली, दिवस लहान झाले की हॅमस्टर असे निपचित पडतात. श्वास मिनिटाला मोजके, हृदय अगदी मंद. डॉर्माउस तर यात उस्ताद, इंग्रजीत झोपेसाठी त्याचं नाव घेतात ते उगाच नाही. एकदम शेकायचं नसतं, हळूहळू ऊब द्यायची असते. मी मोबाईलवर हे वाचून दाखवेपर्यंत आज्जीनं त्याला जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळून पोटाशी धरलं होतं आणि चुलीपासून चार हात लांब पाटावर बसली होती. तासभर बसली. दूध उतू गेलं, ते मी पाहिलं, ती हलली नाही. आधी मिशा थरथरल्या, मग एक पाय, मग सगळं अंग थडथडायला लागलं. काडीच्या टोकावर कोमट गुळाचं पाणी दिलं, ते त्यानं चाटलं आणि मग तिच्या अंगठ्याला चावला.

"चावतंय म्हंजे जगतंय," आज्जी म्हणाली, आणि उतू गेलेलं पुसायला उठली.

त्याच संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या पिंजऱ्याला नवं खोबरं लावलं. मला वाटतं तिच्या लेखी यात काही विसंगती नाही. कोठीतली ज्वारी खाणारा वेगळा, आणि तिनं स्वतः ज्वारी दिलेला वेगळा. मीही वाद घालत नाही, कारण तिचा पिंजरा माझ्या कामाचा आहे. सांडलेल्या बाजरीच्या वासानं घरचे उंदीर टँकपाशी यायला लागले होते, त्यांच्या लघवीतून रोग पसरतात. म्हणून आता धान्य स्टीलच्या डब्यात, वाटी सकाळी उचललेली आणि हात साबणानं धुतलेले. हे तिघींनाही लागू, म्हणजे मी, आज्जी आणि रविवारी त्याला भेटायला येणारी माझी मैत्रीण.

ज्युनिअर परवा पुन्हा भेटली. मी तिच्यापुढे एवढाच हिशेब मांडला, की नीट सांभाळलं तर हे प्राणी पाच-सहा वर्षं जगतात. तिची डिग्री चार वर्षांची, त्यातलं एक संपलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कुणाकडे, थंडीत वीज गेली तर वीस अंशांखाली जाऊ न देता ऊब कशी, आणि नोकरी पुण्याला लागली तर? ती गप्प झाली. मग म्हणाली, "दीदी, तुझ्याकडे ठेवले तर?" मी आज्जीचा नंबर दिला.

सीरियन हॅमस्टर दोन-अडीच वर्षांचा धनी. सावकाराला आता दोन वर्षं आणि दोन महिने झालेत. पाठीवरचे केस विरळ झालेत, सूर्यफुलाचं बी सोलायला वेळ लागतो, म्हणून आज्जी त्याला सोलून देते. सकाळचा प्रश्न अजून तोच असतो. काल रात्रीचा आकडा होता अकराशे चाळीस.