उलटा छापलेला नकाशा

मुलांनो, बंद पडलेला टीव्हीचा रिमोट कधी उघडून पाहिलाय? (आईबाबांना विचारून आणि आतले सेल आधी काढून, बरं का!) आत एक हिरवी नाहीतर तपकिरी पाटी असते. उलटी करून पाहा. सगळ्या अंगभर चकचकीत रस्तेच रस्ते! काही रुंद, काही बारीक, काही गोल ठिपक्यापाशी येऊन थांबलेले. वीज याच रस्त्यांनी फिरते. या पाटीला पीसीबी म्हणतात.

पूर्वी रेडिओच्या पोटात नुसतं तारांचं जंजाळ असायचं. व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लर नावाच्या इंजिनिअरनं १९३६ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये तारांऐवजी छापील रस्ते असलेला रेडिओ करून दाखवला. आज अशी पाटी नसलेलं यंत्र शोधूनच काढावं लागेल.

तर ही पाटी मी घरी केली, आणि तीही कपड्यांच्या इस्त्रीनं! अर्थात एकटीनं नाही. चौथीपर्यंत माझ्या वर्गात असलेला आणि आता आठवीत गेलेला एक मुलगा माझ्याबरोबर होता. आमच्या शाळेच्या छतावरची पाण्याची टाकी भरली की खाली कुणाला कळायचंच नाही. पाणी भिंतीवरून ओघळत मैदानात जायचं. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरसमोर रांग लागते, तिथे हे बघवत नाही. टाकी भरली की वाजेल असा भोंगा करायचा, असं आम्ही ठरवलं. लागणारं सामान अगदी थोडं: तीन पेन्सिल सेल, एक बझर, एक रेझिस्टर आणि तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर.

आता इस्त्रीचं काय काम, ते सांगते. बाजारात तांब्याचा पातळ थर चिकटवलेली कोरी पाटी मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत अशा सामानाची दुकानं आहेत. तांब्याचा हा थर बहुतेक वेळा ३५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. आपल्याला हवे तेवढे रस्ते झाकायचे आणि बाकीचं तांबं विरघळवून टाकायचं, की झाली पाटी. पण झाकायचं कशानं? टोनरनं!

झेरॉक्स मशीनमध्ये आणि लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. असते ती काळी पूड, म्हणजे टोनर. तिच्यात मुख्यतः प्लास्टिक असतं. कागद गरम रुळाखालून जातो, तेव्हा पूड वितळून कागदाला चिकटते. तिला पुन्हा तापवलं तर? ती पुन्हा वितळते आणि खाली तांबं असेल तर त्यालाही चिकटते. आहे ना गंमत!

पूड वापरून पहिली नक्कल काढली ती चेस्टर कार्लसन या अमेरिकन माणसानं, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, न्यूयॉर्कमधल्या ॲस्टोरिया भागात. ओटो कोर्नेई नावाचा मदतनीस त्याच्या सोबतीला होता. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा त्यांनी रुमालानं घासला. काचेवर तारीख आणि ‘ॲस्टोरिया’ एवढंच लिहून ती काच पत्र्यावर ठेवली आणि वरून उजेड पाडला. मग पत्र्यावर बारीक पूड भुरभुरवली, तर अक्षरं उमटली! ती त्यांनी मेणकागदावर घेतली आणि कागद तापवून पक्की केली. म्हणजे पुडीचं चित्र एका पृष्ठावरून दुसऱ्यावर न्यायचं आणि उष्णतेनं चिकटवायचं, हे त्या पहिल्या दिवसापासूनच चालत आलंय.

आमचा नकाशा मी कॉम्प्युटरवर काढला. छापायला गुळगुळीत, चकचकीत कागद लागतो, जुन्या रंगीत मासिकाचा चालतो. (या अंकाची पानं फाडू नका हं!) झेरॉक्सवाल्या काकांनी मासिकाचं पान प्रिंटरमध्ये घालायला आधी साफ नकार दिला. अडकलं तर भरपाई देईन असं म्हटलं, तेव्हा कुठे तयार झाले.

रविवारी सकाळी मुलगा घरी आला. पाटी त्यानं बारीक पॉलिश पेपरनं घासली आणि मग तांब्याला बोट लावलं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की टोनर धरत नाही. कागद पालथा ठेवला. इस्त्री सुती कपड्यांच्या खुणेवर, वाफ बंद. तीनेक मिनिटं दाबून धरायची, मधूनमधून कडा दाबायच्या, पण कागद तसूभरही हलू द्यायचा नाही. पाटी निवल्यावर ती पाण्यात भिजत घातली आणि अंगठ्यानं कागदाचा लगदा हलकेच चोळून काढला. तांब्यावर काळे रस्ते! एके ठिकाणी रस्ता तुटला होता, तो मार्कर पेननं जोडला.

पुढचं काम माझं. फेरिक क्लोराइडची पूड पाण्यात थोडीथोडी घालायची. पुडीवर पाणी ओतायचं नाही, कारण ते एकदम तापतं. भांडं प्लास्टिकचं, हातमोजे आणि चष्मा घातलेला, खिडक्या सताड उघड्या. स्टीलचं भांडं घ्याल तर तेच खाल्लं जाईल! आणि डाग? माझ्या एका ओढणीवर अजून तपकिरी ठिपके आहेत. तेव्हा मुलांनो, हे काम मोठ्यांच्याच हातांनी. उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यात विरघळलेलं तांबं असतं. प्लास्टिकच्या बाटलीत भरून, वर नाव लिहून, लहानांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवलं तर पुढच्या पाटीलाही चालतं.

अर्ध्या तासात उघडं तांबं नाहीसं झालं. नेलपॉलिश काढायच्या द्रावानं टोनर पुसला आणि खालून लालसर रस्ते चमकले. त्यानं एक मिलिमीटरची भोकं पाडली, सोल्डरिंग आम्ही दोघांनी केलं. बाकीचे भाग रस्ते बघून जोडले. ट्रान्झिस्टर मात्र नकाशात दाखवला होता तसा, सपाट बाजू समोरच्या कडेला ठेवून बसवला. दोन तारा पाण्याच्या पेल्यात बुडवल्या.

भोंगा वाजला नाही.

पुन्हा बुडवल्या. तरी नाही. शेजारची दोन-तीन मुलं बघायला जमली होती. सगळ्यांसमोर मी म्हणून गेले, “इस्त्री हलली असणार तुझी. सांगितलं होतं ना, घाई करू नकोस!” तो काहीच बोलला नाही. जाताना एवढंच म्हणाला, “बाई, ही मी घरी नेऊ?”

मंगळवारी शाळा सुटल्यावर तो दारात उभा. हातात पाटी आणि पाण्याचा पेला. तारा बुडवल्या आणि भोंगा असा कोकलला की वर्गखोलीतली कबुतरं उडाली!

“काय केलंस रे?”

“ट्रान्झिस्टर काढून उलटा फिरवला, बाई. मधला पाय बरोबर होता, कडेचे दोन चुकीच्या रस्त्यांवर होते.”

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. मधल्या पायाला चिमूटभर वीज दिली की कडेच्या दोन पायांतून कितीतरी जास्त वाहते. कडेचे पाय आलटून पालटून लागले, तर नळ जेमतेम ठिबकतो. तेवढ्यानं बझर कसा वाजणार?

पण रस्तेच चुकीचे का आले? आम्ही पाटी आणि छापलेला नकाशा शेजारी ठेवले, आणि माझ्या लक्षात आलं. रबरी शिक्का आठवा. त्याच्यावरची अक्षरं उलटी असतात, म्हणून कागदावर सुलटी उमटतात. आपलाही कागद पालथा पडणार, म्हणून मी कॉम्प्युटरवर नकाशा उलटा करून घेतला होता. पण नकाशा मी काढला होता वरून, भाग बसवायच्या बाजूनं बघून. तांबं असतं पाटीच्या खाली. खालून पाहिलं की चित्र आपोआप उलटं दिसायला हवं, आणि कागद पालथा टाकल्यानं ते तसं होणारच होतं. मी ते आणखी एकदा उलटवलं! (पटत नसेल तर बटर पेपरवर ‘क’ काढा आणि कागद पालथा करून बघा.)

म्हणजे इस्त्री हललीच नव्हती.

“तुझ्या कधी लक्षात आलं?” मी विचारलं.

“रविवारी रात्रीच.”

“मग कालच का नाही सांगितलंस?”

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, “मला वाटलं, तुम्ही मुद्दामच तसा काढला असेल. बाई चुकणार नाहीत ना.”

मला काय वाटलं असेल, सांगा बरं! स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेली चूक त्यानं दोन दिवस पोटात ठेवली, कारण ती चूक माझी होती. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात बसून तो हे शिकला होता. ज्या मुलांसमोर मी त्याला बोलले होते, त्यांना संध्याकाळी मी घरी बोलावलं. पाटी आणि नकाशा दोन्ही दाखवले आणि चूक कुणाची ते सांगितलं. मुलं हसली. तो हसला नाही, पण पाटी कशी दुरुस्त केली, ते मात्र त्यानंच समजावून दिलं.

पुढच्या रविवारी आम्ही दुसरी पाटी केली. या वेळी नकाशाच्या कोपऱ्यात त्यानं एक उलटा ‘क’ घालायला लावला. तांब्यावर तो सुलटा वाचता आला, तर नकाशा बरोबर. उलटा दिसला, तर तिथेच टोनर पुसून पुन्हा सुरुवात. छापून आणलेला कागद त्यानं माझ्या हातून घेतला, उजेडासमोर धरून मागून पाहिला आणि म्हणाला, “थांबा बाई, आधी मी बघतो.”

टाकीवर आता ती दुसरी पाटी आहे. पहिली माझ्या टेबलाच्या खणात आहे, ट्रान्झिस्टर उलटा फिरवलेली.