उसनी चिकाटी

कॉलेजची पायरी न चढता इंजिनिअर होण्याची एक वाट आपल्या देशात बरीच वर्षं होती. ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ही संस्था १९२० साली स्थापन झाली, तिची मुख्य कचेरी कोलकात्यात. १९३५ साली तिला राजसनद मिळाली. तिच्या एएमआयई परीक्षेचे ‘सेक्शन ए’ आणि ‘सेक्शन बी’ असे दोन टप्पे जो पार करेल, त्याची पात्रता बीईच्या तोडीची धरली जाई. २०१३च्या मे अखेरपर्यंत ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांच्यापुरतीच ही मान्यता पुढे राहिली. त्यामुळे आजच्या मुलांना हे नावसुद्धा ठाऊक नसतं. पण कारखान्यातले टर्नर, वीज मंडळातले वायरमन, सरकारी कचेऱ्यांतले ट्रेसर, साइटवरचे सुपरवायझर अशा कितीतरी जणांनी नोकरी सांभाळून ही परीक्षा दिली. परीक्षा वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. वर्ग नाही, हजेरी नाही, शिक्षक नाही. एक अभ्यासक्रमाची पुस्तिका आणि जुन्या प्रश्नपत्रिका, बाकी ज्याचं त्यानं बघायचं.

मी कागलचा. बारावी सायन्स झाली त्याच वर्षी वडील गेले. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं आणि कोल्हापुरात एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागलो. एएमआयईचं पाकीट आलं, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता ‘८, गोखले रोड’. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सुरुवातीचं शिक्षण आमच्या कागलात झालं, हे शाळेत शिकलो होतो. दूरच्या शहरातलं ते नाव वाचून उगाचच धीर आला होता, हे अजून आठवतं.

आता कुणी ओळख करून देताना ‘चिकाटीनं शिकले’ असं म्हणतं, तेव्हा मी गप्प बसतो, पण मनातून पटत नाही. पहिल्या दोन-तीन प्रकरणांपुरती उमेद कुणाचीही असते. कोरी वही असते, वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं असतं. खरी परीक्षा अवघड विषयाच्या मध्यावर असते. मागचं विसरायला लागलेलं असतं, पुढचं कळत नसतं आणि दिवसभर उन्हात स्लॅबवर उभं राहून डोळे मिटत असतात. तिथून पुढची माझी चिकाटी उसनी होती. ती ज्यांच्याकडून आणली, त्यांची ही गोष्ट.

गणितात मी अडकलो तो लाप्लास ट्रान्सफॉर्मपाशी. ग्रेवालांचं ते जाडजूड पुस्तक पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुन्या पुस्तकांच्या भावानं आणलं होतं. सोडवलेली उदाहरणं वाचताना कळतात असं वाटायचं, स्वाध्यायाला बसलो की दुसऱ्या ओळीत गाडी थांबायची. गणित राहिलं. पुढच्या खेपेलाही राहिलं. मग आमच्या गल्लीत राहणाऱ्या, हायस्कुलातून निवृत्त झालेल्या गणिताच्या सरांकडे गेलो. त्यांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, “हे मी शिकलेलो नाही. पण तू दर रविवारी सकाळी वही घेऊन ये. जे गणित सुटणार नाही, ते खोडायचं नाही. जिथं थांबलास तिथं रेघ मार आणि खाली लिही, इथं अडलो. का अडलो तेही एका वाक्यात लिही.”

जो विषय त्यांना येत नव्हता, तो ते मला कसा शिकवणार, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. पण ‘नको’ म्हणवेना, म्हणून गेलो. काही रविवारांनंतर सरांनी वहीतल्या सगळ्या रेघा एकाखाली एक मांडल्या. माझ्या अडण्याच्या जागा बहुतेक सारख्याच होत्या आणि त्यातली एकही लाप्लासची नव्हती. ट्रान्सफॉर्म उलटा फिरवायचा तर आधी अपूर्णांक फोडावा लागतो, आंशिक अपूर्णांक करावे लागतात. मी अडत होतो तिथं. म्हणजे नववी-दहावीच्या बीजगणितात.

सरांनी विचारलं, “१/२ मधून १/३ वजा केले तर?”

“१/६.”

“आता उलटा ये. तुझ्या हातात नुसता १/६ आहे. त्याच्या पोटात १/२ आणि १/३ बसलेत, हे तुला दिसलं पाहिजे. छेदाचे अवयव पाड, म्हणजे दिसेल. तुझ्या त्या मोठ्या पुस्तकातसुद्धा हेच चाललंय, फक्त आकड्यांच्या जागी अक्षरं आहेत.”

पुढचे दोन महिने त्यांनी मला ग्रेवाल उघडूच दिलं नाही. शाळेच्या पुस्तकातले अवयव, फक्त अवयव. साइटवर इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसानं नववीची गणितं सोडवायची. पण सरांच्या ओसरीवर त्याची लाज वाटली नाही, कारण सर स्वतः शेजारी दुसरी वही घेऊन लाप्लास शिकायला बसले होते. सत्तरीच्या आसपासचा माणूस, कुठली परीक्षा द्यायची नाही, कुणाला काही दाखवायचं नाही. मी अवयव पाडायचो आणि ते माझ्या पुढच्या प्रकरणांतून वाट काढत असायचे. रविवारी जायचं टाळावंसं वाटलं, तरी ते माझ्यासाठी आठवडाभर काहीतरी सोडवून बसले असतील, या जाणिवेनं पाय आपोआप तिकडे वळायचे. पास झालो तेव्हा पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, “पेपर आणलायस का? शेवटचा प्रश्न कसा केलास ते दाखव.” सर आता नाहीत. ‘इथं अडलो’ लिहायची ती सवय मात्र कामाच्या डायरीत अजून आहे.

अभ्यासात मन लागावं म्हणून लोक नाना उपाय सांगतात. ध्येय डोळ्यांपुढं ठेवा म्हणतात, पदवीनंतरचं आयुष्य रंगवा म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. पदवी फार लांब असते, इतक्या लांबच्या गोष्टीनं रात्री अकराला डोळे उघडे राहत नाहीत. उद्या सकाळी कुणीतरी विचारणार आहे, यानं राहतात.

मला असं रोज विचारणारे होते आमचे फिटर मिस्त्री. निपाणीकडचे, चौथीनंतर शाळा सुटलेली, बोलण्यात मराठी आणि कन्नड मिसळलेलं. सळई कापणं, वाकवणं, बांधणं यात त्यांचा हात धरणारा मी पुढेही क्वचितच पाहिला. डब्याच्या वेळी माझ्या मांडीवर रामामृतमचं ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ बघून त्यांनी विचारलं, “साहेब, काय लिवलंय त्यात?” मी सांगितलं, एका बाजूनं धरलेली तुळई म्हणजे कँटिलिव्हर, तिच्यातला ताण वरच्या अंगाला येतो. हे वाक्य मला पाठ होतं. त्याच्यापुढं माझ्याकडे काही नव्हतं.

मिस्त्री उठले. कडुलिंबाची एक ओली काठी तोडून आणली. भिंतीच्या फटीत तिचं एक टोक घट्ट खोवलं आणि दुसरं टोक हातानं हळूहळू खाली दाबत गेले. फटीपाशी वरची साल ताणली, पांढरी पडली आणि फाटली. खालची साल नुसती चुरगळली. “बघा. जिथं साल फाटती तिथं सळई. छज्जाला म्हणून वर. स्लॅबला दोन्हीकडनं भिंत, तिथं पोटाकडची साल फाटनार, म्हणून खाली. आमी एवढंच जानतो.” मग बोट उगारून म्हणाले, “पन कामावरची पोरं काँक्रीट वतताना छज्जाच्या सळईवर पाय देत्यात, सळई खाली बसती. मग छज्जा पडतो. तुमच्या पुस्तकात हे हाय का?”

पुस्तकात ते नव्हतं. त्या दिवशी बेंडिंग मोमेंटची आकृती मला पहिल्यांदा खऱ्या अर्थानं दिसली. परीक्षेत नंतर कितीही आडवळणाची तुळई आली, तरी मी मनात आधी ती काठी वाकवायचो आणि साल कुठं फाटेल ते बघून मगच पेन्सिल लावायचो.

तेव्हापासून रोज डब्याच्या वेळी त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, “काय साहेब, आज पुस्तकात काय?” वर्षानुवर्षं हातानं जे केलं, त्याची कारणं त्यांना हवी होती. आणि एखाद्या दिवशी मी ‘उद्या सांगतो’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी ते आठवण ठेवून विचारायचे. म्हणून ते प्रकरण रात्री वाचणं भाग पडायचं.

२००० साली आयएस ४५६ ही काँक्रीटची संहिता बदलली. मी १९७८च्या आवृत्तीवर केलेल्या नोट्स अर्ध्यावर जुन्या झाल्या आणि वैतागून पुस्तक बंद करून ठेवलं. मिस्त्रींनीच ते पुन्हा उघडायला लावलं. आरसीसीला आता एम १५ प्रतीचं काँक्रीट चालणार नाही, किमान एम २० लागणार, एवढं त्यांना साइटवर कळलं होतं. का, ते मला विचारत होते. मग २६ जानेवारी २००१ला भूजचा भूकंप झाला. अहमदाबादेतल्या कोसळलेल्या इमारतींचे फोटो असलेलं वर्तमानपत्र मिस्त्री घडी करून खिशात घेऊन आले. १९६७च्या डिसेंबरात कोयनेचा धक्का बसला तेव्हा ते लहान होते, आईनं पहाटे पांघरुणासकट उचलून अंगणात नेलेलं त्यांना आठवत होतं. फोटोतल्या एका कॉलमकडे बोट दाखवून म्हणाले, “रिंगा उघडल्यात साहेब. का उघडल्या?”

उत्तर शोधायला मी आयएस १३९२० वाचली. १९९३ची, भूकंपात तग धरणाऱ्या बांधणीची संहिता. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगचं टोक काटकोनात वाकवलं, तर बाहेरचं काँक्रीट निखळल्यावर ते उघडतं. १३५ अंशात आत वळवलं, तर ते कॉलमच्या गाभ्यात रुतून राहतं. मी वहीवर आकृती काढली. मिस्त्रींनी ती बराच वेळ पाहिली, मग बार वाकवायच्या फळीवरचे खिळे उपटून वेगळ्या जागी ठोकले. त्या दिवसापासून त्यांच्या हातची रिंग १३५ अंशांचीच. वेळ जास्त लागतो म्हणून ठेकेदार कुरकुरायचा. मिस्त्री त्याला सांगायचे, “साहेबांनी पुस्तक वाचलंय.” हे वाक्य कानावर पडल्यावर डिझाइनचा पेपर सोडून देणं मला शक्यच नव्हतं.

आक्काबद्दल लिहायचं तर हात आखडतो, कारण तिला हे आवडणार नाही. माझी मोठी बहीण. वडील गेल्यावर तिनं शिलाई मशीन घरात आणलं. ब्लाउज, पिको, फॉल. परीक्षेच्या फीचा डिमांड ड्राफ्ट त्याच पैशांतून निघायचा. पैशांचं ऋण मोठंच आहे, पण मला आठवते ती ड्रॉइंगची रात्र. एन. डी. भट्टांच्या पुस्तकातलं पृष्ठभाग उलगडायचं प्रकरण होतं. गोल नळी तिरकी कापली आणि उभी चिरून सपाट पसरली, तर तिची कड कशी दिसेल? मी बारा भाग पाडून, बिंदू जोडून कशीबशी ती रेघ काढली होती. लाटेसारखी आली. बरोबर की चूक, काही कळेना.

आक्का तिच्या बेतायच्या टेबलावरून वाकून बघत म्हणाली, “आरं, ही तर बाही.” आणि खुंटीवरचा बाहीचा कागदी साचा काढून माझ्या शीटवर ठेवला. मुंढ्याकडची कड, वर चढून परत खाली येणारी. दंड म्हणजे नळी, आणि खांद्यापाशी ती तिरकी कापलेली. “सपाट कापडातून गोल दंड बनवायचा, तर कापड असंच वळणार. मी रोज काय करते मग?” दोन्ही कडा तंतोतंत जुळल्या नाहीत, कारण तिला हात वर उचलायला जागा ठेवावी लागते. पण वळण तेच होतं. त्या रात्री दोनपर्यंत ती मला घनाकृती विचारत होती आणि मी तिला कागद कापून देत होतो. शंकूचा घेरदार परकर झाला, चौकोनी पिरॅमिडची पिशवी. दहावीनंतर तिला शाळेतून काढलं होतं. भूमितीत तिला माझ्यापेक्षा जास्त दिसतं, हे त्या रात्री घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं. तिच्याही.

पुढे सेक्शन बीचे विषय एकेक करून निघाले. जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयातले शिपाई मला सुट्टीच्या दिवशी वाचत बसू द्यायचे, त्यांना चहाशिवाय काही देता आलं नाही. प्रमाणपत्र आलं, पगार वाढला, काही वर्षांनी स्वतःचं छोटं डिझाइनचं काम सुरू केलं. आक्काच्या दुकानात आज तीन मशीनं आहेत आणि कटिंगचा क्लासही ती चालवते. मुलींना बाही शिकवताना ती आधी कागदाची नळी करून तिरकी कापते, मगच कापडाला हात लावू देते.

मिस्त्री आता स्वतः सळई बांधत नाहीत, गुडघे दुखतात. पुतण्या बांधतो, हे खुर्ची टाकून बसतात आणि रिंगा मोजतात. आयएस १३९२०ची सुधारित आवृत्ती २०१६ साली आली. विटांच्या भिंतीत लपणारा नऊ इंची कॉलम तिच्यात बसत नाही, किमान ३०० मिलिमीटर रुंदी लागते. घरमालक तक्रार करतात, खोलीत कोपरा पुढं येतो म्हणतात. परवा साइटवर मिस्त्रींनी मला थांबवलं. “साहेब, नऊ इंची गेला. बारीक कॉलमात रिंग नीट बसत न्हाई, सळयांची गर्दी होती, ते मला कळतं. पन तुळईपेक्षा कॉलम दांडगा पायजे, असं पोरगा म्हनतोय. का?”

कारण मला माहीत आहे. हादऱ्यात आधी तुळई वाकली, तर मजला उभा राहतो, आधी कॉलम मोडला, तर सगळंच खाली येतं. पण ‘दांडगा’ म्हणजे नेमका किती, आणि १.४ पट हा आकडाच का, हे काठी वाकवून दाखवण्याइतकं मला अजून सोपं करता आलेलं नाही. सोमवारी सांगतो म्हणालोय. संहिता आणि वही टेबलावर काढून ठेवली आहे, आणि आज शनिवार आहे.