माळकऱ्याच्या घरी मोठे कुत्रे



नामदेवरायांच्या पोळीची कथा मी चाळीसएक वर्षे कीर्तनातून सांगितली. कुत्र्याने पोळी पळवली आणि देवाने कोरडी खाऊ नये म्हणून नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले. श्रोते डोळे पुसत. नाथमहाराजांनी रामेश्वराला निघालेली कावड वाळवंटातल्या तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली, ज्ञानोबारायांनी रेड्यामुखी वेद बोलविले. त्या रेड्याची तर जुन्नर तालुक्यात आळे येथे समाधी आहे. आपल्या संप्रदायात मुक्या जिवांना वाण नाही. पण या कथांत जनावर भेटते ते घटकाभर. तूप खाऊन झाल्यावर त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, दुसऱ्या दिवशी त्याला पोळी कोणी घातली, पावसात ते कोठे निजले, हे कोणी विचारीत नाही. कथेला त्याची गरजही नाही. घरात कुत्रे आणायचे म्हटले, की मात्र नेमके हेच प्रश्न उरतात. तुपाची वाटी घेऊन धावणे एका दिवसाचे आणि पाळणे दहा-बारा वर्षांचे. अलीकडे माळकरी मंडळी मला विचारतात, “महाराज, आपल्या घरी कुत्रे चालते का?” चालते. पण कोणते, आणि कोणाच्या जिवावर, हा विचार आधी झाला पाहिजे.

आमच्या घरी हा विषय निघाला तो नातीमुळे. ती सात वर्षांची. गेल्या वर्षी शाळेतून येताना गल्लीतल्या मोकाट कुत्र्याने तिच्या पोटरीला दात लावले. सूनबाईंनी भान राखले. हळद-चुना काही न लावता जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन लस सुरू केली. (वारीत उघड्यावर निजणाऱ्या माउलींनी हे ध्यानात ठेवावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्याच्या हाती काही राहत नाही. जे करायचे ते आधीच, आणि ते म्हणजे साबण, पाणी व लस. अंगारे-धुपारे करण्यात अमूल्य वेळ जातो.) जखम भरून आली, भीती मात्र राहिली. गल्लीच्या तोंडाशी कुत्रे दिसले की पोर आल्या पावली परत फिरे. माझ्याबरोबर काकड्याला यायची, तेही सुटले. पहाटेचा रस्ता कुत्र्यांचाच असतो. शेवटी मुलगा म्हणाला, “आबा, घरात एखादे मोठे, शांत कुत्रे आणले तर?”

भित्र्या मुलाला लहान कुत्रे बरे, असे सगळ्यांना वाटते. मला तसे वाटले नाही. लहान जातीची पुष्कळ कुत्री चपळ, सतत भुंकणारी, अंगावर उड्या मारणारी असतात, आणि मुलाला भय वाटते ते आकारापेक्षा अवचित हालचालीचे. मोठे जनावर संथ असेल तर डोळ्यांना त्याची सवय होते. फलटणकरांना हे वेगळे सांगायला नको. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते तेव्हा हजारो माणसे, टाळमृदंगाचा कल्लोळ आणि त्यातून माउलींचा अश्व धावत जातो. लेकरे बापाच्या खांद्यावरून टाळ्या वाजवतात, भीत नाहीत.

जात ठरवताना नातवाचा पूर्वपक्ष सेंट बर्नार्डचा होता. त्याने चित्रे आणून दाखवली: केसाळ, भले थोरले तोंड, डोळ्यांत करुणा. मीही त्याच्याकडून वाचून घेतले, आणि सांगतो, या कुत्र्याचे चरित्र कीर्तनात सांगण्यासारखे आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर सुमारे 2,470 मीटर उंचीवर एक घाट आहे. तिथल्या मठातील साधू वाटसरूंना आसरा देत आणि ही कुत्री बाळगीत. बर्फात हरवलेल्या माणसाला ती हुंगून काढत. त्यांतल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसवर माणसे वाचवली असे सांगतात. 1814 मध्ये तो गेला, त्याचा देह बर्नच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. पण मला या चरित्रातला पुढचा भाग जास्त बोलका वाटला. अलीकडे मठात साधू थोडे उरले आणि एवढ्या मोठ्या जनावरांचे खाणे-पिणे, फिरवणे त्यांच्याने होईना. तेव्हा 2005 च्या सुमारास त्यांनी ती कुत्री एका संस्थेच्या स्वाधीन केली. तीनशे वर्षांची परंपरा होती, जगात नाव होते, तरी त्या साधूंनी आपली शक्ती ओळखली.

आणि ते कुत्रे आहे बर्फातले. आमच्या फलटणला वैशाखात पारा चाळीसच्या आसपास असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ काढून धापा टाकते, तेवढाच त्याचा पंखा. अशा जिवाला घोंगडी पांघरून उन्हात उभे करायचे आणि लोकांना दाखवायचे, याला मी हौस म्हणत नाही. खोली दिवसरात्र गार ठेवून पाळणारेही आहेत. आमच्याकडे वीज किती तास असते, हे वाचकांना ठाऊक आहे. नातू दोन दिवस रुसला.

मग ग्रेट डेनचे नाव निघाले. नाव डेन्मार्कचे असले तरी जात जर्मनीची, पूर्वी रानडुकराच्या शिकारीची. केस आखूड, त्यामुळे ऊन त्यातल्या त्यात सोसते, आणि स्वभावाने बहुधा सौम्य. पण त्याचे आयुष्य सात ते दहा वर्षांचे. शिवाय अशा खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटात वारा धरून पोटाला पीळ पडतो, तेव्हा काही तासांत दवाखाना गाठावा लागतो. साठ किलोचे जनावर उचलून गाडीत घालणार कोण? मुलगा दिवसभर कामावर, मी सत्तरी ओलांडलेला. आपल्याकडचा मुधोळ मला मनापासून आवडतो. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. आपली हवा त्याला मानवते, घरात तो गुपचूप बसतो. शेताभातात, वस्तीवर राहणाऱ्याने दुसरे काही पाहूच नये. पण ते वाऱ्याचे कुत्रे. सशामागे धावण्यासाठी घडलेले, रोज मोकळे रान मागणारे, आणि परक्या माणसापासून अंग चोरणारे. आमच्या दाराशी दिवसाला दहा माणसे येतात.

जातींची चर्चा इथवर आली, तेव्हा सूनबाईंनी खरा प्रश्न विचारला. “आबा, त्याला खायला काय घालायचे?”

घरात चार माणसांच्या गळ्यात माळ आहे. कांदा-लसूणही चातुर्मासात शिजत नाही. कुत्रे तर मूळचे मांस खाणारे. या ठिकाणी आपल्या मंडळींची दोन टोके होतात. एक म्हणतात, माळकऱ्याच्या दारचे कुत्रेही माळकरीच व्हावे. दुसरे म्हणतात, म्हणून कुत्रेच नको. मला गीतेच्या पाचव्या अध्यायातील तो श्लोक आठवतो, ज्यात ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याच पंक्तीला भगवंतांनी कुत्र्याला बसवले आहे. समदृष्टीचे विवेचन करताना मी नेहमी सांगत असे, की पंक्तीला सर्व समान, म्हणजे सर्वांच्या पानात एकच पदार्थ असे नाही. हत्तीला ऊस, गाईला वैरण. मग कुत्र्याला त्याचे.

पशुवैद्यांना विचारले. त्यांचे म्हणणे असे: मांजराचे मांसावाचून चालत नाही, कुत्र्याचे तसे नाही. हजारो वर्षे माणसाच्या भाकरीवर राहून त्याला पिष्ट पचवण्याची शक्ती आली आहे. पूर्ण वाढ झालेले कुत्रे डाळ, दही, पनीर, सोयाबीन आणि त्याच्यासाठी तयार मिळणारे शाकाहारी खाणे यांवर नीट राहू शकते. मात्र वैद्याच्या सल्ल्याने, वरचेवर तपासून. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाचे तसे नसते. त्याच्या खाण्यात प्रथिने कमी पडून चालत नाहीत आणि कॅल्शियम जास्त झाले तरी हाडे बिघडतात. तिथे घरगुती अंदाज कामाचा नाही. नुसती दूध-भाकरी घालून वाढवलेली मोठी कुत्री पाय फेंगडे करून चालताना मी पाहिली आहेत.

यावरून दोन गोष्टी ठरल्या. पिल्लू आणायचे नाही, वाढ पुरी झालेले कुत्रे पाहायचे. आणि पुढे कधी आजारपणात वैद्याने अंडे किंवा दुसरे काही सांगितले, तर मागच्या पडवीत वेगळे भांडे ठेवून ते घालायचे. हे कबूल नसेल तर कुत्रे आणायचेच नाही. माळ आपल्या गळ्यात आहे, ती आपण संकल्पाने घातली. एकादशीचा उपवास आपण जाणून करतो. ज्याला विचारता येत नाही त्याच्यावर तो लादला तर त्याला उपासमार म्हणतात. काही जणांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

प्रसादाबद्दलही वैद्यांनी बजावले. बेदाणे आणि मनुका कुत्र्याला विषासमान, मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणजे आपली पंचखाद्याची वाटी त्याच्यापासून दूर. कांदा-लसूणही त्याला बाधतो; चातुर्मासाचा आपला नियम त्याला बारमाही लागू.

वाढलेले कुत्रे शोधायचे म्हटले, की ते मिळते. माणसे गाव बदलतात, सदनिकेत जातात, आणि पाच-सहा वर्षांचे जनावर अडचणीचे होते. आम्हांला बारामतीकडे एका कुटुंबाकडची काळी लॅब्रेडोर कुत्री समजली. ही जात मूळ कॅनडाकडच्या कोळ्यांची, इंग्रजांनी वाढवलेली. तीस किलोच्या आसपास वजन, आयुष्य साधारण दहा-बारा वर्षे. तिच्या अंगावरही दाट लव असते, म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत फिरवून आणावे लागते. आणि लॅब्रेडोर शांत असते ही समजूत अर्धीच खरी. पहिली दोन-तीन वर्षे ती घरातल्या चपला, उशा, दोऱ्या फाडण्यात घालवते. पुढे निवते. ही पाच वर्षांची होती.

तरी जातीवर विसंबलो नाही. तीनदा जाऊन पाहिली. गप्प असणे आणि शांत असणे यांत फार अंतर आहे, हे कीर्तनकाराइतके कोणाला कळणार? समोर निश्चल बसलेला श्रोता तल्लीन आहे की निजला आहे, हे त्याच्या मानेवरून समजते. भ्यालेले कुत्रेही निश्चल असते, पण त्याचे अंग ताठ असते, शेपूट पोटाशी, ते पुन्हा पुन्हा ओठ चाटते, जांभया देते. हिचे अंग सैल होते. मुलाने मुद्दाम स्टीलचे ताट जमिनीवर टाकले. ती दचकली, उठली, ताट हुंगले आणि पुन्हा जाऊन आडवी झाली. मला ते दचकणे आवडले आणि परत जाऊन निजणे त्याहून आवडले. पंजे हातात घेतले, कान पाहिले, खाताना भांड्याशी हात नेला. तिने मान वर करून पाहिले, एवढेच. तिसऱ्या खेपेस नातीला नेले. ती गाडीतून उतरली नाही. काचेतून अर्धा तास पाहत बसली, आणि परतताना म्हणाली, “ती भुंकली नाही.”

एवढ्यावर आणली. नगरपालिकेत नोंद केली, रेबीजची लस दरवर्षी टोचायची तारीख दिनदर्शिकेवर लिहिली. गुळगुळीत फरशीवर जड कुत्र्याचे पाय घसरतात आणि खुब्याचे सांधे दुखावतात, म्हणून माजघरात जुनी सतरंजी आली. हिचे नाव जिनी. ते बदलून एखादे देवाचे नाव ठेवा, असे बरेच जण म्हणाले. मी नको म्हटले. कुत्र्याला दिवसातून चारदा रागवावे लागते, त्यात देवाचे नाव कशाला? शिवाय पाच वर्षे ज्या हाकेला ती आली, ती हाक तिची आहे.

टाळांची मला चिंता होती. कुत्र्याला आपल्याहून बारीक, तीव्र आवाज ऐकू येतात, आणि आमच्याकडे रोज सायंकाळी हरिपाठ असतो. पहिले आठ दिवस तिला मागच्या खोलीत ठेवून आम्ही टाळ अगदी हलके वाजवले. मग दार उघडे ठेवले. मग ती आपण होऊन उंबऱ्याशी येऊन पडू लागली. पखवाजाचे तिला काही वाटत नाही. टाळ चढले की उठून अंगणात जाते आणि आरतीला परत येते. आरतीनंतर ताट फिरते, हे तिला कळले आहे.

नातीला आम्ही एकच नियम सांगितला, आणि तो खरे तर मोठ्यांसाठी होता. कोणी तिचा हात धरून कुत्रीच्या पाठीवर ठेवायचा नाही. निजलेल्या कुत्रीला कोणी उठवायचे नाही, खाताना जवळ जायचे नाही. पहिला महिना पोर पलंगावरून खाली उतरताना जिनी कोठे आहे ते पाही. नंतर एकदा उन्हाच्या वेळी मी जपमाळ घेऊन बसलो असता, तिने पाण्याचे भांडे भरून ते पायाने ढकलत ढकलत जिनीपर्यंत नेले. कुत्री प्यायली आणि ओल्या तोंडानेच पुन्हा आडवी झाली. पोर माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आबा, तिची जीभ गुलाबी आहे.” रस्त्यावरच्या कुत्र्यांची भीती अजून आहे, आणि ती थोडी असलेलीच बरी. काकड्याला मात्र पुन्हा येऊ लागली आहे, माझ्या उपरण्याचे टोक धरून.

आता आषाढवारी आली. पालखी फलटणला मुक्कामी असते तेव्हा आमच्या अंगणात दिंडी उतरते. चुली पेटतात, दोन-अडीचशे पाने उठतात, रात्रभर दाराशी वर्दळ. कितीही शांत कुत्री असली तरी एवढ्या अनोळखी माणसांत तिला मोकळी सोडणे बरे नाही, तिच्यासाठी नाही आणि दमून निजलेल्या वारकऱ्यांसाठीही नाही. मागच्या खोलीत तिची सोय केली आहे, पंखा लावला आहे, खिडकीला गोणपाट. तिच्याजवळ कोणी बसायचे याच्या पाळ्या नातीने वहीत लिहिल्या आहेत: ती दर्शनाला जाईल तेव्हा दादा, दादा जाईल तेव्हा ती, आणि दुपारी पंगतीच्या वेळी आबा. कीर्तन आता माझ्याने उभे राहून होत नाही, पंगतीला वाढणेही जमत नाही. मी होकार दिला आहे.